वाहक म्हणजे कोण?

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. एम.ए.च्या वर्गात भाषाविज्ञानाचा तास चालू होता आणि विषय होता अर्थविस्तार. एका शब्दाचा अर्थ कसा पसरत जातो, हे दाखवण्यासाठी मी 'वाहक' हा शब्द निवडला होता. एस.टी.तला वाहक, विजेचा वाहक, परंपरेचा वाहक अशी उदाहरणे फळ्यावर लिहीत असताना मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, आन् सिकलचा वाहक?" वर्गात थोडी चुळबुळ झाली. तोही अर्थ मी फळ्यावर लिहिला आणि पुढे गेले. शिकवणाऱ्याला पुढे जाण्याची घाई असते.

तास संपल्यावर ती विभागात आली. "मी सिकलवाली आहो, मॅडम," ती म्हणाली. "सोयरीक जुडली होती. मंग त्यायनं मोबाईलवर यादी पाहिली."

हकीकत थोडक्यात अशी. तिच्या गावात रक्ततपासणीचे शिबिर झाले. कोणीतरी निकालांच्या यादीचा फोटो काढला. तो बहुधा काम झाल्याचा पुरावा म्हणून वर पाठवण्यासाठी असावा, त्यामागे वाईट हेतू असेल असे मला वाटत नाही. तो फोटो एका व्हॉट्सअॅप गटावर गेला, तिथून दुसऱ्या गटावर, आणि आठवड्याभरात वैनगंगेपलीकडच्या एका गावात पोचला. यादीत तिच्या नावापुढे दोन इंग्रजी अक्षरे होती: ए आणि एस. मुलाकडच्यांनी त्यांचा अर्थ 'पोरीला रोग आहे' असा लावला आणि निरोप पाठवला. मी तिला विचारले, "मुलाची तपासणी झाली होती का?" ती माझ्याकडे पाहत राहिली. हा प्रश्न तिच्या घरात कोणी विचारला नव्हता आणि त्याच्या घरात तर नाहीच नाही.

प्रस्तुत लेखिका मराठीची अध्यापक आहे, वैद्यकशास्त्राची नाही. तरीही या विषयावर लिहावेसे वाटते याचे कारण असे, की या प्रकरणात रक्ताचा भाग फार थोडा आहे. उरलेला सगळा शब्दांचा, अर्थांचा आणि ते अर्थ कोण कोणाला सांगतो याचा आहे.

आधी वैद्यकीय वस्तुस्थिती, कारण तिच्यावाचून पुढचे मुद्दे समजणार नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनची घडण ठरवणारा जनुक प्रत्येकाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा मिळतो. दोन्ही नेहमीचे असले तर 'एए', एक बदललेला असला तर 'एएस', दोन्ही बदललेले असले तर 'एसएस'. आजार एसएस व्यक्तीला होतो. तिच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हातपाय ठणकतात, अंगातले रक्त कमी होते, जंतुसंसर्ग लवकर जडतो. एएस व्यक्ती आजारी नसते. सर्वसाधारण आयुष्यात तिला औषध लागत नाही आणि तिच्यापासून कोणाला काही लागत नाही. तिने एए व्यक्तीशी लग्न केले तर त्यांच्या एकाही मुलाला हा आजार होत नाही. फार तर मूल तिच्यासारखे एएस निघते. दोघेही एएस असतील तरच प्रत्येक गर्भारपणात मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक असते.

आता त्या मोडलेल्या सोयरिकीकडे पुन्हा पाहू. मुलगा एए असता तर या लग्नात आजाराचा धोका शून्य होता. मुलगा एएस असता तर धोका होता, पण मग तो धोका दोघांनी मिळून आणलेला होता. मुलाची तपासणी न करता त्या कुटुंबाने मुलगी नाकारली आणि बहुधा दुसरी मुलगी पाहिली, जिचे नाव कोणत्याही यादीत नव्हते. ती मुलगी एएस नव्हती, की तिची तपासणीच झाली नव्हती? धोका टाळल्याचे समाधान त्यांना मिळाले, आणि खरा धोका जसाच्या तसा राहिला. माणसे धोक्याला भितात की धोक्याच्या नावाला, असा प्रश्न येथे उभा राहतो.

मानसशास्त्राने या प्रश्नावर पन्नासेक वर्षे काम केले आहे. पॉल स्लोव्हिक यांनी १९८७ साली 'सायन्स' या नियतकालिकातील लेखात असे दाखवले, की सामान्य माणूस धोका मोजताना मृत्यूंची संख्या पाहत नाही. तो धोका किती भयावह वाटतो आणि किती अनोळखी आहे, या दोन गोष्टींवर त्याचा अंदाज ठरतो. आमच्या भागात याचा पडताळा रोज येतो. हिवताप पिढ्यान्‌पिढ्या घरात येणारा, म्हणून त्याची भीती बोथट झालेली. सिकलसेल मात्र इंग्रजी नावाचा, प्रयोगशाळेतून आलेला, रक्तातला आणि वंशातला. भयावह आणि अनोळखी या दोन्ही कसोट्यांना तो उतरतो. दुसरे निरीक्षण पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, १९८६ सालचे. एखादी गोष्ट एकदा दूषित मानली, की तिच्या संपर्काने दोष चिकटतो आणि तो जात नाही, अशी माणसाच्या मनाची जुनी धारणा असते. सुशिक्षित माणसेही तिला अपवाद नसतात. आपल्या समाजाला विटाळ या शब्दाचा अनुभव असल्यामुळे हे संशोधन परके वाटू नये. जनुक संसर्गाने पसरत नाही हे ठाऊक असलेला माणूसही 'सिकलवाली'च्या घरी सोयरीक करताना जरा मागे सरतो, तो या जुन्या धारणेमुळे.

शक्यतेच्या भाषेचाही घोळ आहे. 'पंचवीस टक्के' म्हणजे काय, हे आम्ही गृहीत धरतो की सर्वांना कळते. गावात मी जे ऐकले आहे ते असे: "पहिला लेकरू सिकलचा झाला, आता बाकीचे तीन चांगले होतील." अॅमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ साली नोंदवलेली जुगाऱ्याची चूक ती हीच. नाण्याला मागची फेक आठवत नसते, तशी प्रत्येक गर्भारपणाची शक्यता नव्याने चारात एक असते. हे समजावण्यासाठी टक्केवारी कामाची नाही, गोष्ट लागते. एका पिशवीत चार गोटे आहेत, एक काळा आहे, काढलेला गोटा प्रत्येक वेळी परत पिशवीत टाकायचा आहे. एवढे म्हटले की चौथीतले मूलही समजते.

परंतु येथवरचे विवेचन 'लोक अडाणी आहेत, त्यांना माहिती द्या' या निष्कर्षाकडे झुकते, आणि तो निष्कर्ष मला मान्य नाही. माहिती दिल्याने कलंक जातोच असे नाही, याचा एक दाखला ग्रीसमध्ये आहे. ऑर्कोमेनोस या गावात सिकलसेलचा जनुक बऱ्याच घरांत होता आणि लग्ने घरच्यांनी ठरवण्याची रीत होती. संशोधकांनी गावाची तपासणी केली, प्रत्येकाला निकाल सांगितला, कोणी कोणाशी लग्न केल्यास काय होईल तेही समजावले. काही वर्षांनी जॉर्ज स्टामाटोयान्नोपोलोस परत गेले आणि १९७४ साली त्यांनी आपली निरीक्षणे मांडली. ज्यांच्यात हा जनुक होता त्यांच्यावर गावात शिक्का बसला होता. अनेकांनी ही गोष्ट लपवूनच लग्ने केली होती. दोन्ही बाजूंना जनुक असलेली लग्ने, तपासणी झालीच नसती तर योगायोगाने जेवढी झाली असती, जवळपास तेवढीच झाली होती. विज्ञानाची मात्रा अचूक होती, पण ती पोटात गेल्यावर तिचे लज्जेत रूपांतर झाले आणि लज्जेने तिचा गुण मारला.

अमेरिकेतली कथा याहून कडू आहे. लायनस पॉलिंग यांनी १९४९ साली सिकलसेल हा रेणूच्या पातळीवरचा आजार असल्याचे दाखवले. वैद्यकाच्या इतिहासात तसा तो पहिलाच. याच थोर शास्त्रज्ञाने १९६८ साली सुचवले, की हा जनुक असलेल्या तरुणांच्या कपाळावर एक चिन्ह गोंदावे, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत! हेतू करुणेचा होता, जन्माला येणाऱ्या मुलांचे हाल थांबावेत हा. सूचना अमलात आली नाही. परंतु १९७० नंतर अनेक राज्यांत कृष्णवर्णीय मुलांची सक्तीने तपासणी झाली. वाहक आणि रुग्ण यांतला भेद नोकरी देणाऱ्यांनी व विमा कंपन्यांनी पाळला नाही. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत वाहकांना प्रवेश नव्हता. ही बंदी १९८१ साली उठली.

कपाळावरचे चिन्ह म्हटले, की मराठी मनात दोन गोष्टी उभ्या राहतात. एक सटवाईचा लेख. पाचवीच्या रात्री ती तान्ह्या मुलाच्या कपाळावर जे लिहून जाते ते कोणालाच वाचता येत नाही, आणि वाचता येत नाही म्हणूनच माणूस निर्वेधपणे जगू शकतो. दुसरी गोष्ट गोंदणाची. आमच्या भागातील गोंड आणि माडिया स्त्रिया अंगावर गोंदवून घेतात. मेल्यावर सगळे दागिने काढून घेतले जातात, गोंदण तेवढे सोबत येते, असे त्या सांगतात. गोंदणाचे दुखणे ती बाई स्वतः पत्करते, नक्षी तिची असते, ती अभिमानाने मिरवते. तेच चिन्ह दुसऱ्याने काढले, दुसऱ्याच्या सोयीसाठी काढले, तर तो डाग होतो. इंग्रजीतला 'स्टिग्मा' मूळचा ग्रीक. गुलाम आणि गुन्हेगार ओळखू यावेत म्हणून त्यांच्या अंगावर कोरलेल्या किंवा डागलेल्या खुणेचे ते नाव. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली याच नावाचा ग्रंथ लिहिताना आरंभ या व्युत्पत्तीपासून केला आहे.

गॉफमन यांचा एक भेद येथे फार उपयोगी पडतो. काहींची खूण उघड दिसते, त्यांचा मान आधीच गेलेला असतो. काहींची खूण दिसत नाही, पण कळली तर मान जाईल अशी त्यांची स्थिती असते. पहिल्या गटातील माणसापुढचा प्रश्न चारचौघांतला ताण कसा सांभाळावा हा असतो. दुसऱ्या गटातील माणसापुढचा प्रश्न निराळा: सांगावे की न सांगावे, कोणाला, केव्हा, किती. माहितीवरचा ताबा हे त्याचे एकमेव शस्त्र असते. कुष्ठरोगी पहिल्या गटातला होता. वरोऱ्याला १९४९ साली बाबा आमट्यांनी आनंदवन उभारायला घेतले तेव्हा झडलेली बोटे लपवता येत नव्हती. कायदाही त्या खुणेच्या बाजूने उभा होता. कुष्ठरुग्णांना वेगळे ठेवण्याचा १८९८ सालचा कायदा २०१६ साली रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहविषयक कायद्यांतून २०१९ साली वगळले गेले. आजार पूर्ण बरा करणारी बहुविध औषधोपचार पद्धती त्याआधी तीनचार दशके उपलब्ध होती. औषधाने जंतू मेला तरी कायद्यातला शब्द किती वर्षे जिवंत राहिला, हे या तारखांवरून दिसते.

माझी विद्यार्थिनी दुसऱ्या गटातली आहे. तिच्या अंगावर काहीही दिसत नाही. तिचा मान जाऊ शकतो तो केवळ माहितीच्या वाटेने. आणि नेमक्या या ठिकाणी मोबाईलचा संबंध येतो.

कागदाच्या काळातही कार्डे होती. पण कार्ड ट्रंकेत ठेवता येई, ते दाखवायचे की नाही हे बापाला किंवा मुलीला ठरवता येई. कार्ड देणारी परिचारिका किंवा आशाताई समोर बसून दोन वाक्ये बोलत असे. म्हणजे निकाल, त्याचा अर्थ आणि तो सांगणारे माणूस असे तिघे एकत्र प्रवास करीत. फोटोतल्या यादीने या तिघांची फारकत केली. निकाल एकटाच निघाला आणि आधी पोचला. अर्थ आणि माणूस मागे राहिले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट आहे. नोंदीसाठी मोबाईल अॅप आणि पोर्टल आहे. नोंद असल्यावाचून औषध पोचत नाही, हे मला मान्य आहे. एसएस मुलाला हायड्रॉक्सीयुरिया वेळेवर मिळणे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश असल्यामुळे त्याला प्रमाणपत्र मिळणे, यांसाठी नाव कुठेतरी लिहिलेले असावेच लागते. माझा आक्षेप नोंदीला नाही, नोंद कोणाच्या हातून कोठे जाते याला आहे.

आपण हे एकदा पाहिलेही आहे. मार्च २०२० मध्ये गृहविलगीकरणातील लोकांच्या डाव्या हातावर शिक्के मारले जाऊ लागले. असे शिक्के असलेल्या चार प्रवाशांना त्याच महिन्यात पालघरला गाडीतून उतरवण्यात आले. हेतू साथ आटोक्यात ठेवण्याचा होता. परंतु शिक्क्याच्या भीतीने माणसे तपासणीच टाळू लागली तर साथ वाढते, हा साधा हिशेब आपण उशिरा शिकलो. सिकलसेलच्या बाबतीत तो हिशेब अधिक लांब पल्ल्याचा आहे. एका गावात यादी फुटली, की शेजारच्या पाच गावांतल्या आया आपल्या मुलींना शिबिराला पाठवत नाहीत. मुलांना पाठवण्याचा प्रश्न तर उद्भवतच नाही.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? एचआयव्हीसाठी २०१७ सालचा स्वतंत्र कायदा आहे आणि रुग्णाच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करण्यास त्यात मनाई आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा सर्वसाधारण आहे. आधीच्या मसुद्यांत आरोग्यविषयक माहितीला 'संवेदनशील' असा वेगळा दर्जा होता. मंजूर झालेल्या कायद्यात तो राहिला नाही. जनुकाची माहिती एका व्यक्तीची कधीच नसते, ती भावाबहिणींची आणि अजून न जन्मलेल्यांचीही असते. माझ्या विद्यार्थिनीच्या नावापुढे एएस लिहिल्याबरोबर तिच्या आईवडिलांपैकी निदान एकाविषयी काही सांगून झाले होते. धाकट्या बहिणीची सोयरीकही आता अवघड, असे तिची आई म्हणते. तिची भीती निराधार आहे असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे भाषेकडे येते. 'वाहक' हा शब्द आमच्या जिल्ह्यात पूर्वीपासून आरोग्यखात्याच्या भिंतींवर आहे. डास हा हिवतापाचा वाहक. गडचिरोली हा राज्यातला हिवतापाचा सर्वांत मोठा प्रश्न असलेला जिल्हा, त्यामुळे तो शब्द येथल्या माणसाने लहानपणापासून वाचलेला असतो आणि त्याचा एकच अर्थ त्याच्या मनात पक्का असतो: वाहक म्हणजे रोग पसरवणारा, ज्याच्यावर फवारणी करायची तो. तोच शब्द आम्ही आता एका निरोगी मुलीला लावला. मूळ इंग्रजी शब्दातही ही गफलत आहे. भाषांतर करताना आम्ही ती इमानेइतबारे मराठीत आणली. 'निर्मूलन' या शब्दाचेही तसेच. मूळ उपटायचे म्हणजे कोणाचे? हिवतापात डासाचे, देवीत विषाणूचे. सिकलसेलमध्ये जनुक माणसाच्या आत आहे. आपण निर्मूलनाचा विषय आहोत असे एखाद्या एएस व्यक्तीला वाटले, तर चूक तिची नाही, आमच्या शब्दनिवडीची आहे.

यातला विपर्यास असा, की हा जनुक टिकून राहिला तोच मुळी हिवतापामुळे. अँथनी अॅलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले, की एएस मुलांना हिवतापाच्या घातक प्रकारापासून बरेच संरक्षण मिळते. ज्या मुलखात हिवतापाने मुले मरत, तिथे एएस मुले तुलनेने अधिक जगली आणि त्यांचा वंश वाढला. आमच्या जंगलपट्टीत हा जनुक असण्याचे कारण हेच. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीच्या रक्तातली ती 'खोट' ही वस्तुतः तिच्या पूर्वजांना जगवलेली ढाल आहे. दोन ढाली एकत्र आल्या की घात होतो, हे खरे. पण आम्ही तिला डासाच्या नावाने हाक मारली. तिच्यात जे आहे ते डासाने दिलेला मृत्यू टाळण्यासाठी आलेले आहे, हे मात्र कोणी सांगितले नाही.

पर्याय सुचवायचा तर 'वाहक'ऐवजी 'धारक' म्हणता येईल. खातेधारक, कार्डधारक यांमुळे तो शब्द ओळखीचा आहे आणि त्यात पसरवण्याची छटा नाही. 'सिकलगुणधारक' कानाला जड वाटेल, पण 'गुण' हा शब्द तेथे असणे मला महत्त्वाचे वाटते. अर्थात शब्द बदलला की मन बदलते एवढा भाबडा विश्वास माझा नाही. 'महारोगी' जाऊन 'कुष्ठरोगी' आला, म्हणून पंगत एक झाली नाही. तरीही चुकीचा शब्द चुकीच्या अर्थाला आयते घर देतो, तेवढे तरी आपण थांबवू शकतो. आणखी एक साधी गोष्ट: हा धानाचा मुलूख आहे, दर कापणीला प्रत्येक हातात विळा असतो. सिकल म्हणजे विळा, पेशी विळ्यासारखी वाकते म्हणून हे नाव, एवढे वाक्य मी ज्या ज्या वर्गात सांगितले, तिथे चेहऱ्यांवरचा ताण सैल झालेला पाहिला. अनोळखी धोका ओळखीच्या वस्तूपाशी आला, की त्याचे भय निम्मे होते. स्लोव्हिक यांचा सिद्धान्त मला विळ्याने पटवून दिला.

ऐकून घेण्याचा मुद्दाही आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत आले तेव्हा आरंभीच्या संशोधनात सिकलसेल होता. हा प्रश्न संशोधकाला महत्त्वाचा वाटला होता, लोकांनी तो विचारलेला नव्हता, हे डॉ. अभय बंग यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. नंतर त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील स्त्रियांचे ऐकले. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. ज्या दुखण्याबद्दल बोलता येत नाही ते दुखणे नसते असे नाही, एवढा धडा त्यातून घेता येतो. सिकलसेलबद्दलही लोकांना विचारले पाहिजे: तुम्हाला आजाराची भीती वाटते, की शेजाऱ्याची?

मग तपासणी नको का? असे मी म्हणत नाही. एसएस मुलांचे हाल मी पाहिले आहेत. परीक्षेच्या मध्यावर सांधे धरून बसलेला विद्यार्थी पाहिला आहे. तपासणी हवी, पण तिची रचना शहाणपणाची हवी. सायप्रसमध्ये थॅलेसेमिया या अशाच आनुवंशिक विकारासाठी चर्चने १९८३ पासून लग्नापूर्वी दाखला आवश्यक केला. त्या दाखल्यावर निकाल लिहिलेला नसतो. दोघांची तपासणी झाली आहे आणि दोघांना सल्ला मिळाला आहे, एवढेच त्यावर असते. निकाल त्या दोघांनाच ठाऊक. त्यामुळे फार थोडी लग्ने मोडली, आणि पुढच्या तपासण्यांच्या मदतीने त्या आजाराचे जन्म जवळजवळ थांबले. ऑर्कोमेनोसच्या आणि सायप्रसच्या माहितीत फारसा फरक नव्हता. फरक होता तो तिच्यावरच्या ताब्यात, आणि सायप्रसमध्ये मुलगा आणि मुलगी दोघांनाही एकाच दारातून जावे लागे यात. आमच्याकडे मंगल कार्यालयाची तारीख ठरते त्याआधी असा निकालाविना दाखला मागण्याची रीत पडली तर कोणाच्याही नावापुढे दोन अक्षरे लिहून फिरवण्याची गरज उरणार नाही. चंद्रपूरला आता हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी आयसीएमआरचे संशोधन केंद्र आहे. २०२२ सालच्या डिसेंबरात त्याचे लोकार्पण झाले. यंत्रे जवळ आली आहेत, रीत पडायची राहिली आहे.

ती रीत पाडण्यात मराठीच्या लोकांनी काय करायचे? वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. नाटक मंडळ्यांची कार्यालये येथे आहेत. भाऊबीजेपासून पुढचे काही महिने रात्र रात्र प्रयोग चालतात आणि हजारोंनी लोक थंडीत बसून ते पाहतात. २०२३ साली डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचे नाव देशभर झाले. मोडलेली सोयरीक हा या नाटकांचा हुकमी प्रसंग आहे. हुंड्यासाठी, दारूपायी, जातीपायी मोडलेली सोयरीक मी रंगमंचावर कितीदा तरी पाहिली. नावापुढच्या दोन अक्षरांपायी मोडलेली अजून पाहिली नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी काही जण या मंडळ्यांसाठी लिहितात. दुसऱ्या अंकात मुलाच्या बापाला कोणीतरी "तुमच्या पोराचं रगत तपासलं का?" एवढा प्रश्न विचारला, तर ते काम कोणत्याही पत्रकापेक्षा अधिक होईल.

त्या दिवशी विभागात तिने मला शेवटी विचारले होते, "मॅडम, बायोडाट्यात लिहू का?" मी उत्तर टाळले. सांगणे प्रामाणिकपणाचे आणि न सांगणे सावधपणाचे, या दोहोंत मी अडकले. आज मला वाटते, की माझे अडकणे चुकीच्या प्रश्नामुळे होते. एकट्या तिने सांगावे की न सांगावे हा प्रश्नच अन्यायाचा आहे.

परीक्षेच्या सुमारास ती पुन्हा भेटली. नवे स्थळ आले होते. काय केलेस, असे मी विचारले. "आता मीच पहिले विचारतो, मॅडम," ती म्हणाली, "तुमची तपासणी झाली का म्हनून." मुलाकडचे काय म्हणाले? "इचार करून सांगतो म्हनले."

निरोप अजून आलेला नाही.